दोष चष्म्याचा नव्हता

गेल्या वर्षी स्मृति नगरच्या आपल्या मंडपात पडद्यावर आरती दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. शोभेसाठी मी काळ्यावर निळी अक्षरे घेतली. बीएसपीतून रिटायर झालेले एक काका म्हणाले, "अरे, काही दिसत नाही." मी म्हणालो, "काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."
चूक माझीच होती. पडद्यावरचा पांढरा रंग लाल, हिरवा, निळा मिळून बनतो. पण त्यातला उजेड आपल्या डोळ्यांना हिरव्यातून सुमारे ७२ टक्के, लालमधून २१ आणि निळ्यातून जेमतेम ७ टक्के जाणवतो. शिवाय वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश आणखी अडवते.
काका, क्षमा असावी. यंदा अक्षरे पांढरी आहेत. आरती आपणच सुरू करावी.
गणपती बाप्पा मोरया!