अ‍ॅमस्टरडॅमचं झाड आणि आपला सिद्धगड

मागच्या वर्षी प्रोजेक्टसाठी अ‍ॅमस्टरडॅमला होतो. एका शनिवारी टीम कालवे बघायला गेली. मी मेट्रो पकडून शहराच्या टोकाला, बाइल्मर भागात गेलो. 4 ऑक्टोबर 1992 ला तिथे मालवाहू विमान राहत्या इमारतींवर कोसळलं. 43 माणसं गेली. एक झाड मात्र वाचलं. लोक त्याला 'सगळं पाहिलेलं झाड' म्हणतात. त्याच्याभोवतीच स्मारक आहे.

तिथे एका आजोबांनी विचारलं, "तुमच्याकडे असं काही आहे?"

म्हटलं, "आहे ना, सिद्धगड!" मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडणारे भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 च्या पहाटे तिथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले.

"मग तू तिथे जातोस?"

मी गप्प. मुरबाडमध्ये वाढलो, सिद्धगडचा ट्रेक दोनदा केला, पण स्मारकासमोर फक्त सेल्फी काढला होता. लाज वाटली, खरंच.

यंदा 2 जानेवारीला पहाटेच बाईक काढली. थंडी कडाक्याची. या वेळी मोबाईल खिशातच ठेवला, चपला काढल्या आणि दोन्ही नावं मोठ्याने घेतली.

तुमच्या गावाजवळचं असं कुठलं ठिकाण राहिलंय? या रविवारी जाऊन या. भेटू पुढच्या भागात!