युद्धातली समान मजुरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



युद्धकाळात कामकरी स्त्रीच्या समान हक्काला कायदा कितपत जपतो, या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. रणांगण दूर, तसा हा विषयही आपल्याला दूरचा वाटेल. पण आपल्याच देशातल्या कोळशाच्या खाणींची हकीगत ऐकलीत, म्हणजे तसे वाटणार नाही.

झरिया, राणीगंजच्या खाणींत पूर्वी नवराबायको जोडीने खाली उतरत. नवरा कोळसा फोडी, बायको टोपलीत भरून वाही. जागा अंधारी, कोंदट आणि जिवाला धोका रोजचा. म्हणून १९२९ च्या नियमांनी तेथल्या बायकांची संख्या हळूहळू कमी करत आणली आणि पुढे त्यांना जमिनीखाली कामाची पुरती बंदी झाली. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण ज्या घराची चूल दोघांच्या मजुरीवर पेटत होती, तेथली एक मजुरी गेली.

मग दुसरे महायुद्ध आले. मजूर लष्करी बांधकामांकडे वळले, खाणीत माणूस मिळेना, आणि आगगाड्या व कारखान्यांना तर कोळसा हवाच. तेव्हा १९४३ साली सरकारने आपणच घातलेली बंदी उठवली! अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला. १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती विधिमंडळात चर्चा झाली. मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. युद्धाची निकड म्हणून त्यांनी निर्णयाचे समर्थन केले. पण या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, हेही सांगितले. समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या धंद्यात आपल्याकडे प्रथमच मान्य होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे काय झाले? युद्ध संपले, आणि १९४६ च्या फेब्रुवारीपासून बंदी परत आली. बाई खाणीतून वर आली, आणि तिची समान मजुरी त्या कामाबरोबरच संपली.

महिला परिषदेला मी दोष देत नाही. तिला बाईच्या जिवाची काळजी होती. पण संरक्षण म्हणजे केवळ दार लावून घेणे नव्हे. आत हवा खेळती हवी, बाळंतपणाची रजा हवी, मुलांसाठी पाळणाघर हवे. बंदी घालताना बाईचा जीव पाहिला, उठवताना कोळसा पाहिला. निर्णय करणाऱ्यांत ती स्वतः मात्र कधीच नव्हती.

निकडीपोटी मिळालेली समता निकड सरली की जाते, हा या हकीगतीचा बोध. ती टिकवायची तर शांततेच्या काळातच कायद्यात लिहून घ्यावी लागते. आपल्या घटनेने समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व मानले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. त्यातली समान वेतनाची तरतूद पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आली. खाणीचे दारही २०१९ साली किलकिले झाले: तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांवर स्त्रियांना जमिनीखाली काम करता येऊ लागले, आणि त्यासाठी त्यांची लेखी संमती घेणे आवश्यक ठरले. बाईला विचारले पाहिजे, एवढे तरी कागदावर आले.

पण कागद आपल्या पायांनी चालत नाही. आपल्या गल्लीतल्या बांधकामावर गडी आणि बाई एकच घमेले उचलतात. दोघांच्या हातावर संध्याकाळी किती पैसे पडतात, हे आपल्यापैकी कितीजणींनी विचारले आहे? येत्या वर्षी मंडळाने एवढे जरी विचारले, आणि तफावत दिसली तर त्या बाईबरोबर मजूर कार्यालयाची पायरी चढली, तर हा वर्धापनदिन सार्थकी लागला असे मी म्हणेन.