हृदयाचे सैल पडणे



हृदय म्हटले की आपल्याला आठवतो तो त्याचा जोर. मी आज बोलणार आहे ते त्याच्या सैल पडण्याविषयी. मिनिटाला ७० ठोके धरले, तर एका ठोक्याच्या अवधीतला जेमतेम तिसरा हिस्सा आकुंचनात जातो. उरलेल्या वेळात हृदय सैलावते आणि रक्ताने भरते. पोहरा पुरता भरलाच नाही, तर दोर कितीही जोराने ओढला तरी पाणी येणार कोठून?

हे भरणेच प्रथम बिघडवणारा एक विकारसमूह आहे. डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्याच्या खुणा पाच: कमरेचा वाढलेला घेर, १३०/८५ किंवा अधिक रक्तदाब, उपाशीपोटी १०० किंवा त्याहून अधिक रक्तशर्करा, १५० किंवा अधिक ट्रायग्लिसराइड्स, आणि हितकारक कोलेस्टेरॉलची कमतरता. पैकी तीन जमल्या की निदान झाले. १९८८ साली अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी दाखवून दिले की, शर्करा, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांच्या बिघाडांमागे एक समान सूत्र असावे. ते म्हणजे पेशींनी इन्शुलिनला दाद न देणे.

आता हृदयात काय होते ते पाहा. वाढलेल्या रक्तदाबाशी झुंजून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. इन्शुलिनला दाद न देणारा हृदयाचा स्नायू साखर सोडून मेदावर अधिक विसंबतो, आणि तेवढ्याच शक्तीसाठी त्याला प्राणवायू जास्त लागतो. सैल पडायला कसली शक्ती, असे आपण म्हणाल. पण आकुंचनासाठी सुटलेले कॅल्शियम परत कोठारात भरावे लागते, आणि ते काम फुकट होत नाही. शक्ती अपुरी पडली की स्नायू ताठर राहतो. मग दाब मागे फुप्फुसांकडे वाढतो आणि जिना चढताना धाप लागते. तपासणीत आकुंचन उत्तम दिसते; माणूस म्हणतो, "वय झाले!" फसगत होते ती येथेच.

"मी तर सडपातळ आहे," असे कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपले स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा आकडा एकच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप मोलाची. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर ती धरा. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. विजारीचा आकडा सांगू नका. ती पोटाखाली बांधता येते!

उपाय? अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात, ज्यांची शर्करा वाढू लागली होती अशांना सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे लक्ष्य दिले. २००२ सालच्या निष्कर्षानुसार त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ज्यांना औषधे चालू आहेत त्यांनी मात्र ती आपल्या मनाने सोडू नयेत, आणि धाप लागत असेल त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे.

हृदय आपल्याकडे सुट्टी मागत नाही. दोन ठोक्यांमधली क्षणभर उसंत मागते. तेवढी तिला सुखाने मिळू द्या, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.