शर्यतीचे घड्याळ



शर्यत म्हटली की तीत दोन गोष्टी आल्याच. एक वेग आणि दुसरी वाद. वेगाचे कौतुक आपण पुष्कळ करतो. वादाकडे मात्र लग्नातील रुसव्याफुगव्यांप्रमाणे घटका दोन घटकांची करमणूक म्हणून पाहतो. मला ही दृष्टी मान्य नाही. कोण जिंकला ह्यापेक्षा तो जिंकला हे कसे ठरले, आणि ते हरणाऱ्यास पटले की नाही, ह्यावर खेळाचे आयुष्य अवलंबून असते. उदाहरणासाठी दूर जावयास नको. बैलगाड्यांची शर्यत म्हणजे आपल्या कितीतरी गावांच्या जत्रांचा जीव. ती ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाली आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाली. मध्ये सात वर्षे सात महिने गेले. २०१४ साली जो खोंड 'आदत' म्हणून मैदानात उतरावयाचा, तो तोवर दाती जुळून, कित्येक हंगाम नांगर ओढून, पोक्त झाला होता. त्याच्या धन्याने कधी चाबूक उगारला असेल वा नसेल; बंदी दोघांनाही सारखीच लागू झाली. हे का घडले, ह्याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ह्या शर्यतीचे प्रकार प्रदेशपरत्वे निराळे आहेत. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ ह्या भागांत चढणीच्या धावपट्टीस 'घाट' म्हणतात. तेथे एका वेळी एकच गाडा धावतो. चार बैल आणि त्यांच्यापुढे घोडी. सर्वांत कमी सेकंदांत घाट मारील तो त्या दिवशीचा 'घाटाचा राजा'. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर अनेक छकडे एकदम सुटतात, गटाच्या फेऱ्या होतात, आणि शेवटी निवडक गाड्यांची अंतिम फेरी होते. विदर्भात ह्यालाच शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट नामांकित आहे. आमच्या जळकोट भागातील जनावर म्हणजे देवणी आणि लाल कंधारी. दोन्ही कष्टाळू आणि सोशिक, आणि देवणी गाय दुधालाही चांगली. पण धावण्याची कीर्ती खिलाराची. आमच्या लोकांना हे मान्य करावयास जड जाते, ही गोष्ट निराळी!

आता ह्या खेळातील न्यायबुद्धी पाहा. बैलाचे दात मोजून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात, म्हणजे कोवळ्या खोंडाची गाठ पक्क्या बैलाशी पडू नये. निशाण पडण्यापूर्वी सुटलेली गाडी बाद. दुसऱ्याच्या फाट्यात शिरलेली गाडी बाद. जेथे वेळेवर निकाल लागतो, तेथे पूर्वी हातातील घड्याळे चालत. घड्याळ दाबणाऱ्याचा अंगठा कोणत्या गावचा ह्यावरून भांडणे होत. आता विजेवर चालणारी यंत्रे आली आणि सेकंदाचा शंभरावा भाग मोजला जाऊ लागला. इतकी काटेकोर व्यवस्था गावकऱ्यांनी, कोणी सांगितल्याशिवाय, आपणच उभी केली. खेडवळ म्हणून ज्यांची आपण थट्टा करतो त्यांना न्यायाची चाड नाही, असे म्हणण्यास ह्यापुढे कोणी धजू नये.

तथापि हे सारे नियम गाडीवान आणि गाडीवान ह्यांच्यामधील आहेत. गाडीवान आणि बैल ह्यांच्यामधील नियम मात्र तोंडी राहिला. बैलाला मारू नये, हे कोणास ठाऊक नव्हते? पण पराणीची आर (आमच्याकडे पराणीस तुतारी म्हणतात), असूड, शेपूट पिरगाळणे, शेपटास दातांनी चावणे, आणि पुढे पुढे तर विजेची बॅटरी टोचणे, हे प्रकार चालत आले. सर्वच करीत असे नाही. पण जे करीत त्यांची गाडी बाद होत नसे. कारण उघड आहे. दुसऱ्याची गाडी आपल्या फाट्यात शिरली तर हरणारा आरडाओरडा करतो, पंचाची गचांडी धरतो. शेपूट पिरगाळले तर ओरडणारा कोण? ज्याचे नुकसान झाले त्याला वाचा नाही, आणि ज्यांना वाचा आहे त्यांचे नुकसान नाही. मी अनेक वर्षे परीक्षेच्या वर्गात पहारा केला आहे. शेजाऱ्याने आपली पाटी पाहिली तर मुलगा ताबडतोब तक्रार करतो. दोघांनी संगनमताने एकमेकांची पाहिली तर वर्गात अगदी शांतता असते.

येथे मी आपणांस एका अगदी निराळ्या शर्यतीकडे नेतो. तिच्यात बैल नाहीत, धूळ नाही, प्रेक्षकही फारसे नाहीत. पण पुराव्याचा हाच प्रश्न तेथे इतक्या स्पष्टपणे उभा राहिला की त्यापासून आपण काही घेण्यासारखे आहे. संगणकाच्या प्रोसेसरला कारखान्यातून एक गती नेमून दिलेली असते. ती गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास शंभर कोटी ठोके. ही नेमलेली मर्यादा ओलांडून यंत्र पळविणे ह्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि जगभरचे हौशी लोक त्याच्या चुरशीच्या स्पर्धा करतात. गती वाढविली की यंत्र तापते, म्हणून त्यावर द्रव नायट्रोजन ओततात. त्याचे तपमान शून्याखाली १९६ अंश. शहरातील श्रोत्यांना हा पदार्थ अपरिचित वाटेल, पण आमच्या शेतकऱ्यांना नाही. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या धूर निघणाऱ्या द्रवात बुडवून ठेवतात, तोच हा. त्याहूनही थंड अशा द्रव हेलियमच्या उपायाने २०२२ सालच्या अखेरीस नऊ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली गेली.

हे स्पर्धक बहुधा आपापल्या घरी बसून यंत्र पळवितात आणि पडद्याचे चित्र पुरावा म्हणून पाठवितात. पंच समोर नाही, निशाण नाही. त्यांच्या निकालांची वही 'एचडब्ल्यूबॉट' नावाची संस्था ठेवते. चित्रात अमुक माहिती दिसलीच पाहिजे, एकच प्रोसेसर हातोहात फिरवून अनेकांनी गुण मिळवू नयेत, कारखानदारांचा पाठिंबा असलेल्यांची गाठ नवशिक्यांशी घालू नये, असे त्यांचे नियम. दात पाहून गट पाडण्याचीच ही रीत.

२०१३ सालच्या ऑगस्टात ह्या मंडळींच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. 'विंडोज आठ' ही प्रणाली आदल्या वर्षी निघाली होती. ती चालू असताना यंत्राची मूळ गती बदलली, तर काही यंत्रांत संगणकाचे घड्याळच त्या प्रमाणात बदलत असे. गती सुमारे सहा टक्क्यांनी कमी केली, तर पाच मिनिटांत ते घड्याळ सुमारे अठरा सेकंद मागे पडे. यंत्र खरोखर मंदावलेले, पण काम 'कमी वेळात' झाल्याची नोंद होई, कारण काम मोजणारा सेकंदच लांब झालेला! धावणाऱ्या बैलाच्या शिंगालाच घड्याळ बांधावे आणि बैल दमला की घड्याळानेही दमावे, असा हा प्रकार.

त्यावर त्यांनी काय केले? ह्या प्रणालीवर मिळविलेले निकाल त्यांनी अमान्य ठरविले आणि नवे घेण्याचे थांबविले. ज्यांनी घड्याळाला हात लावला नव्हता त्यांचेही निकाल त्यात गेले. पुढे छाननी होऊन बंधने काही अंशी सैल झाली, आणि कालांतराने 'बेंचमेट' नावाची आज्ञावली निघाली. चाचणी चालू असता यंत्रातील घड्याळे खरी चालतात की नाहीत, ह्यावर ती नजर ठेवते. प्रामाणिक माणसाचा विक्रम पुसला जाणे हा अन्याय नव्हे काय, असे कोणी विचारील. अन्यायच आहे. तरीही तो निर्णय योग्य होता असे माझे स्पष्ट मत आहे. प्रामाणिक आणि लबाड ह्यांचे निकाल जेथे एकाच चित्रासारखे दिसतात, तेथे ते चित्र लटकवून ठेवण्यात प्रामाणिकाचा मान तो काय? आणि मुख्य गोष्ट अशी की हा कठोरपणा त्यांच्यावर कोणी लादला नाही. आपले दप्तर त्यांनी आपणच तपासले.

आमच्या बैलगाडीवाल्यांना ही संधी २०१४ पूर्वी कितीतरी वर्षे होती. ती घेतली नाही, म्हणून दप्तर तपासावयास न्यायालय आले; आणि न्यायालयाजवळ पुसण्याचे फडके मोठे असते, ते एकेका गाडीपुरते कापता येत नाही. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना स्थगिती दिली. पुढे २०२१ सालची परवानगी आली, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू आणि कर्नाटक ह्यांच्या कायद्यांबरोबर महाराष्ट्राची दुरुस्तीही वैध ठरविली. आता शर्यतीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धाव एक हजार मीटरांहून अधिक नसावी. बैल सुदृढ असल्याचा पशुवैद्यांचा दाखला हवा. काठी, चाबूक, विजेचे साधन वर्ज्य. शर्यतीचे चित्रण करून ते सादर करावयाचे. नियम मोडणारास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

दंडाचा आकडा ऐकून कित्येकांना समाधान वाटते. मला तितकेसे वाटत नाही. मोठी शिक्षा सहसा दिली जात नाही, हा शाळेतलाही अनुभव आहे. मुलाचे वर्षच बुडणार म्हटले की पकडणाराच डोळेझाक करतो. आणि शिक्षा दिली तरी मूळ प्रश्न तिने सुटतो असे नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. नांदेडतर्फे उतरलेले शिवराज राक्षे ह्यांना पृथ्वीराज मोहोळ ह्यांच्याविरुद्धच्या लढतीत पंचांनी चितपट ठरविले. आपले दोन्ही खांदे गादीस टेकले नव्हते, असे राक्षे ह्यांचे म्हणणे. संतापाच्या भरात त्यांनी पंचांना लाथ मारली, आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचावर पाय उचलणाऱ्या मल्लाची गय करावी असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु खांदे टेकले होते की नव्हते, ह्या प्रश्नाचे उत्तर तीन वर्षांच्या बंदीत कोठे आहे? ते उत्तर तेथेच, हजारो लोकांसमोर, कुस्ती पुढे सरकण्यापूर्वी मिळावयास हवे होते. निकालाविषयीची शंका आखाड्यातच फेडली गेली, तर ती लोकांबरोबर घरोघर जात नाही.

बैलगाडीच्या चित्रणाचेही असेच आहे. ते सादर होते सरकारी कचेरीत, आणि तेही शर्यत संपल्यावर. तोवर बक्षीस वाटले गेलेले असते, गुलाल उधळलेला असतो, आणि त्या फितीची आठवण काढण्याचे कोणास कारण उरत नाही. वस्तुतः साधन आजच हाताशी आहे. अनेक मोठ्या मैदानांवर हल्ली भव्य पडदे उभारतात, आणि कोणाचे जू रेषेवर आधी आले हे त्यांवर पुन्हा पुन्हा दाखवितात. लोकही टाचा उंच करून पाहतात. त्याच पडद्यावर, बक्षीस जाहीर करण्यापूर्वी, पहिल्या तीन गाड्यांच्या गाडीवानांचे हात दाखवावेत, सुटल्यापासून थांबेपर्यंत. चित्रण करणारा यजमान गावचा नसावा, शेजारच्या तालुक्यातून बोलवावा. ज्याचा हात शेपटाकडे गेला असेल त्याचे सेकंद तेथल्या तेथे पुसावेत, आणि चौथ्या गाडीस वर घ्यावे. चौथा गाडीवान मग फीत पाहताना डोळ्यांत तेल घालून बसेल, ह्याविषयी मला मुळीच शंका नाही.