भाषण सलग वाचा



मुंबई उच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती न्यायदालनाबाहेर एक संगमरवरी शिला बसवलेली आहे. २२ जुलै १९०८ रोजी शिक्षा होण्यापूर्वी लोकमान्य टिळकांनी काढलेले उद्गार तिच्यावर कोरले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी तिचे अनावरण केले. ज्या न्यायालयाने टिळकांना राजद्रोही ठरवले, त्याच न्यायालयाने ४८ वर्षांनी त्यांचे शब्द सन्मानाने भिंतीवर लावले. सत्ताधाऱ्यावरची टीका कुठपर्यंत टीका असते आणि कुठून पुढे ती सुरक्षेला धोका ठरते, या प्रश्नाचे उत्तर एकाच वास्तूने दोन वेळा दिले, आणि दोन्ही उत्तरे वेगळी होती.

१९०८ मधली भीती खोटी नव्हती. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला. तो किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी होता; बळी गेला दोन इंग्रज स्त्रियांचा. त्यानंतर टिळकांच्या ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. दडपशाहीने बाँब थांबणार नाहीत, लोकांना हक्क द्यावे लागतील, असे टिळक सांगत होते. सरकारला त्यात बाँबची भलामण दिसली.

खटल्यातली एक गोष्ट मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. लेख मराठीत होते. नऊ ज्युरींपैकी सात युरोपीय होते, आणि त्यांच्या हाती होती ती लेखांची इंग्रजी भाषांतरे. या भाषांतरांनी मूळ अर्थ बिघडवला आहे, हे टिळक शब्द न् शब्द काढून दाखवत राहिले. सात ज्युरी ‘दोषी’ म्हणाले, दोन ‘निर्दोष’. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षे पूर्ण होणार होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एक, असे सहा दिवस काम बंद ठेवले.

ज्या कलमाखाली ही शिक्षा झाली, ते राजद्रोहाचे कलम १२४अ दंडसंहितेत आले १८७० मध्ये. १८९७ च्या टिळकांवरच्या पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारबद्दलची ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला होता. असा अर्थ घेतला तर सरकारवर प्रेम न करणे हाच गुन्हा होतो.

१९१६ मध्ये चित्र पालटले. बेळगाव आणि अहमदनगर इथल्या स्वराज्यावरच्या भाषणांसाठी टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीनदार मागण्यात आले. उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली महंमद अली जिनांनी. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटे वाक्य उचलून अर्थ काढायचा नसतो, भाषण सलग वाचून त्याचा एकूण परिणाम पाहायचा असतो, ही त्या निकालामागची दृष्टी होती. राज्य परक्यांचे, काळ महायुद्धाचा, तरीही न्यायाधीशांना हे म्हणता आले.

संविधान घडवणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक होता. मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांमध्ये ‘राजद्रोह’ हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी दुरुस्ती मांडली आणि तो गळला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी ही निर्बंधाची कारणे वाढवली, पण निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, हेही त्याच वेळी लिहिले गेले. कलम १२४अ मात्र दंडसंहितेत राहिलेच. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते टिकवले आणि त्याला कुंपणही घातले. शब्द कितीही कडक असोत, हिंसेला चिथावणी किंवा अशांतता माजवण्याचा कल नसेल तर तो राजद्रोह नव्हे.

या कसोटीची खरी परीक्षा झाली ती एका अतिशय वाईट दिवसाच्या निमित्ताने. ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींच्या हत्येला काही तासच झाले होते. चंदिगडच्या नीलम चित्रपटगृहाजवळ दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. त्याहून वाईट वेळ आणि त्याहून चीड आणणाऱ्या घोषणा सुचणे कठीण. पण लोकांनी त्यांना साथ दिली नाही, कुठे काही पेटले नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. हा निकाल न पटणारे पुष्कळ असतील. पण न्यायालयाने आधी वस्तुस्थिती विचारली: या शब्दांनी प्रत्यक्षात काय घडले?

सुरक्षेची बाजू हलकी समजू नये. या देशाने एक पंतप्रधान आणि एक माजी पंतप्रधान हत्येत गमावले आहेत. नेत्याला ठार मारण्याची धमकी ही टीका नसते, आणि तिची दखल घेणे पोलिसांचे कर्तव्यच आहे. आणि बोलणाऱ्याच्या सुरक्षेचे काय? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर. संरक्षणाची गरज सत्तेवरच्या माणसाइतकीच, कधी त्याहून अधिक, बोलणाऱ्या माणसाला असते.

स्नातकांनो, पालघरची गोष्ट तुमच्या वयाच्या माणसांची आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न केला, दुसरीने त्याला ‘लाइक’ दिला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. सुव्यवस्था कोणी बिघडवली होती? लिहिणारीने की फोडणाऱ्यांनी? संतापलेला जमाव आवरणे हे शासनाचे काम आहे, त्यासाठी बोलणाऱ्याचे तोंड बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच रंगराजन खटल्यात सांगून ठेवले होते. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली.

ही अटक पाहून श्रेया सिंघल या दिल्लीच्या विशीतल्या तरुणीने याचिका केली. त्या याचिकेवर २४ मार्च २०१५ ला, अशा मजकुरासाठी अटक करू देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि कायद्याचा हात तिसरीवरच पडू शकतो, असे त्या निकालाने स्पष्ट केले. त्याच महिन्यात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमासाठी पोलिसांना शिस्त घालून दिली: आधी जिल्ह्याच्या विधी अधिकाऱ्याचे सकारण लेखी मत, मग दोन आठवड्यांत सरकारी वकिलाचे.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४अ चा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. पण देशाचे सार्वभौमत्व आणि ऐक्य धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. सरकारी धोरणावरची टीका गुन्हा नाही, हे त्याचे स्पष्टीकरण सुचवते. ते स्पष्टीकरण जिवंत राहणार की कागदावर, हे पोलीस ठाण्यातल्या पहिल्या तासात ठरेल. नेत्याचा अपमान म्हणजे देशाला धोका नव्हे, एवढे भान त्या तासात कुणालातरी असावे लागेल.

कारण ६६अ चे काय झाले, ते पाहा. कलम रद्द होऊन सहा वर्षे लोटली, तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला. १९०८ मध्ये मराठी लेख इंग्रजीतून वाचून माणूस मंडालेच्या तुरुंगात गेला. आज दिल्लीचे इंग्रजी निकाल तालुक्याच्या ठाण्यापर्यंत वेळेत पोचत नाहीत. तुमच्यातले काही उद्या त्या ठाण्यात अधिकारी असतील, काही समोर वकील म्हणून उभे राहतील, काही बातमी देतील. हे निकाल मराठीत आणा, ठाण्यातल्या टेबलावर ठेवा, आणि कुणाच्या बोलण्यावर बोट ठेवण्याआधी ते बोलणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा.