हातातला मोबाईल आणि हातातली कला

(धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकारी मंडळाने मला विषय दिला आहे तो असा : मोबाईलवर मिळणारे व्हिडिओ अभ्यासक्रम पाहून आपल्या मुलामुलींना नवे कौशल्य शिकता येईल काय? विषय नवा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या समाजाला फार जुना आहे. कौशल्य कोणाला मिळते आणि कोणाला मिळू दिले जात नाही, हा तो प्रश्न होय. म्हणून थोडा इतिहास सांगून मग मोबाईलकडे वळतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले हजारो लोक राबत होते. परंतु ते प्रामुख्याने सूतकताईच्या खात्यात. विणकाम खात्यात पगार जास्त होता, आणि नेमके तेच दार आपल्याला बंद होते. कारण काय सांगितले जात असे? बॉबिन बदलताना धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. कामगारांच्या मागण्यांत आपल्या कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश देण्याची मागणीही असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अंगात ताकद होती, शिकण्याची बुद्धी होती, तरी केवळ जातीमुळे चांगल्या पगाराचे कसब आपल्यापासून दूर ठेवले गेले.

पुढे १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी आहे हे अनेकांना ठाऊक असते. त्याच निवेदनात आणखीही एक मागणी आहे : सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक शिक्षण द्यावे. म्हणजे बाबासाहेबांच्या नजरेसमोर बॅरिस्टर जसा होता, तसा फिटर आणि टर्नरही होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरी अडचण वेळेची. पोटासाठी दिवसभर राबणाऱ्याने शिकावे केव्हा? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती याच कारणाने. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून ते सकाळी भरवण्यात आले. रात्रीची शाळा आणि सकाळचे कॉलेज यांच्याच परंपरेत आजचा मोबाईल बसतो काय, ते आता पाहू.

आपल्या या पट्ट्याचा विचार करा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच १९५४ साली, २५ डिसेंबरला, बाबासाहेबांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची देहूरोड येथे स्वहस्ते प्रतिष्ठापना केली. या भूमीत कारखाना आणि धम्म एकाच वर्षी आले असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, आणि मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर या भागांतून आपली माणसे येथे येऊन स्थायिक झाली. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला उभा राहिला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, आणि बघता बघता चाकण, म्हाळुंगे, तळेगाव हा सारा भाग कारखान्यांनी भरून गेला.

पण काम आले म्हणजे कायमची नोकरी आली, असे आता राहिले नाही. आकुर्डीत एके काळी पेट्रोलवर चालणारी चेतक स्कूटर तयार होत असे. तिच्या इंजिनाचे काम करून कित्येक घरांत मुले शिकली, मुलींची लग्ने झाली. २००७ साली तेथील उत्पादन थांबले. जून २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. नाव तेच, गाव तेच. परंतु नव्या गाडीत कार्बुरेटर नाही, स्पार्क प्लग नाही. तेथे बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस बंद पडला आणि २०२४ च्या सुरुवातीस तो ह्युंदाईकडे गेला. यातून बोध एवढाच की कारखान्याचे फाटक कधी बंद होईल हे कामगाराच्या हाती नाही. त्याच्या हाती असते ते त्याचे कसब, आणि ते सतत नवे करावे लागते.

आज आपला बहुसंख्य तरुण कंत्राटदाराकडे आहे. तो सीएनसी मशीनवर उभा असतो, जॉब लावतो, हिरवे बटण दाबतो, जॉब काढतो. सहा-सात महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो आणि दुसऱ्या कंत्राटदाराकडे पुन्हा तेच बटण. मित्रांनो, बटण दाबणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस दोन दिवसांत तयार होतो. सेटरच्या जागी होत नाही. बटण दाबणारा आणि सेटर यांच्यातले अंतर कसे तोडायचे, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आहे. टूल झिजले, आणि मायक्रोमीटर २५.०४ दाखवू लागला. ज्याला समज आहे तो ऑफसेटच्या पानावर जाऊन त्या टूलच्या एक्स अक्षात उणे ०.०४ भरतो. चिन्ह चुकून अधिक पडले तर पुढचा जॉब २५.०८ होतो. हे ज्ञान काही अवघड नाही. जी ०० म्हणजे टूल वेगाने जागेवर नेणे, जी ०१ म्हणजे ठरलेल्या गतीने सरळ कापणे, एम ०३ म्हणजे स्पिंडल फिरवणे, एम ०५ म्हणजे तो थांबवणे, हे पाढ्यांसारखे पाठ होते. हे सारे हिंदीत, आणि काही प्रमाणात मराठीतही, समजावून सांगणारे व्हिडिओ आज फुकट उपलब्ध आहेत. पूर्वी हे ज्ञान उस्तादाच्या मर्जीवर असे, आणि उस्तादाची मर्जी पुष्कळदा जात विचारूनच बसत असे. मोबाईल जात विचारत नाही. न समजलेली गोष्ट दहा वेळा विचारली तरी तो रागावत नाही. रात्रपाळी करून आलेल्या मुलासाठी तो दुपारी चारलाही वर्ग भरवतो.

आता, काय पाहावे? इंटरनेटवर सोनेही आहे आणि कचराही आहे. विद्यार्थ्यांनी पुढील नावे लिहून घ्यावीत. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला. त्यात अभियांत्रिकीच्या मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ जुलै २०१७ पासून चालू आहे. तेथे शिकण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तरच फी भरून परीक्षा द्यावी लागते. पदवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयात चौकशी करावी, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक ठरावीक मर्यादेत पदवीस धरण्याची सोय केली आहे. आयटीआयच्या मुलांसाठी केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचे 'भारत स्किल्स' आहे. त्यात ट्रेडनिहाय पाठ, प्रश्नसंच आणि व्हिडिओ मिळतात.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा करतो. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. लिब्रेऑफिस, पायथॉन, आर्डुइनो अशा विषयांवर सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ, आणि निवेदन अनेक भारतीय भाषांत, त्यांत मराठीही आहे. पडद्यावर शिक्षक एक कृती करतो, पाठ थांबवायचा, तीच कृती आपण करायची, मग पुढे जायचे. शिकण्याची खरी पद्धत हीच. पाहत राहणे म्हणजे शिकणे नव्हे. स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहून पोट भरत नाही.

येथे मी भगवान बुद्धांच्या उपदेशाचा आधार घेतो. आपण विहारात महामंगल सुत्त म्हणतो. त्यात बहुश्रुतता आणि शिल्प, म्हणजे ज्ञान आणि हातातील कला, यांना उत्तम मंगलांत स्थान दिले आहे, याकडे आपले लक्ष जाते काय? दीघजाणु नावाच्या गृहस्थाला भगवंतांनी संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. त्या चारही गोष्टी आजच्या विषयाला जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली, उट्ठानसंपदा. आपल्या धंद्यात दक्ष, उद्योगी आणि निपुण असणे. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, एकच विषय, सहा महिने. आज वेल्डिंग, उद्या शेअर बाजार, परवा इंग्रजी, असे करणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. वही-पेन घेऊनच बसावे. इंग्रजी संज्ञा आणि तिचा अर्थ वहीत उतरवावा. मुलाखतीत इंग्रजी शब्द विचारतात आणि आपला मुलगा काम येत असूनही तेथे अडतो.

दुसरी, आरक्खसंपदा. कष्टाने मिळवलेल्याचे रक्षण. नोकरीची हमी देतो असे सांगून हजारो रुपयांचे कोर्स विकणारे आज घरोघरी फोन करतात. काही जण तर शिकणाऱ्याच्या नावावर कर्ज काढायला लावतात; कोर्स सुटतो, हप्ता सुटत नाही. भगवंतांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकीव आहे म्हणून विश्वास ठेवू नका. तोच निकष येथे लावा. फी भरण्याआधी मोफत काय मिळते ते पाहा, आणि तो कोर्स केलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. नुसता व्हिडिओ संपवल्याचे प्रमाणपत्र आणि आयटीआयचे राष्ट्रीय प्रमाणपत्र यांची किंमत एक नाही, हेही लक्षात ठेवा. जे कामगार अनुभवाने शिकले पण कागद नाही, त्यांच्यासाठी सरकारच्या कौशल्य योजनेत पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. तिची माहिती घ्यावी.

तिसरी, कल्याणमित्तता. हिच्यावर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण मोबाईलची सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. व्हिडिओ डोळ्याला शिकवतो, हाताला शिकवत नाही. वेल्डिंगचा मणी कसा दिसावा हे पडद्यावर कळते. हात किती अंतरावर आणि कोणत्या गतीने चालवावा हे चूक करून, शेजारच्या जाणत्याने मनगट धरूनच कळते. टूल बोथट झाल्याचा आवाज मशीनपाशी उभे राहूनच ओळखू येतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तर काही शे व्होल्टचा दाब असतो. नारिंगी रंगाच्या केबलला व्हिडिओ पाहून एकट्याने हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून व्हिडिओ ही पूर्वतयारी समजावी. मोरवाडीची महापालिकेची आयटीआय, औंधची शासकीय आयटीआय, किंवा १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी, यांची जागा तो घेऊ शकत नाही. मात्र व्हिडिओ पाहून गेलेला मुलगा तेथे इतरांच्या दोन पावले पुढे असतो.

चौथी, समजीविता. जमाखर्चाचा मेळ घालून, समतोलाने जगणे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि त्याबरोबर वेळही स्वस्त झाला. ज्या मोबाईलवर ऑफसेटचा पाठ आहे त्याच मोबाईलवर रील्सही आहेत, आणि बोटाला दोन्हींचे अंतर सारखेच. समतोलाचा आणखी एक अर्थ घरातला आहे. पुष्कळ घरांत चांगला फोन एकच, आणि तो मुलाच्या हाती. मुलीला तो मिळतो भांडी घासून झाल्यावर, बॅटरी संपत आल्यावर. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या घरात हे शोभत नाही. संध्याकाळचा एक तास फोन मुलीचा, असा नियम प्रत्येक घराने करावा.

शेवटी संस्थेपुढे एक ठोस सूचना ठेवतो. आपल्यात निवृत्त टर्नर आहेत, टूलरूममध्ये आयुष्य घालवलेले फिटर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत. आपल्या विहाराचे सभागृह रविवारी वंदनेनंतर रिकामे असते. एक टीव्ही, एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर आणि भंगारातून आणलेले पाच-दहा जॉब एवढ्या सामग्रीवर वर्ग सुरू होऊ शकतो. पाठ मोठ्या पडद्यावर सर्वांनी मिळून पाहावा, तो थांबवून जाणत्याने समजावून सांगावा, आणि प्रत्येकाने जॉब हातात घेऊन मोजावा. ज्याला प्रश्न विचारण्याची लाज वाटते तो आपल्या माणसांत विचारील. रात्रपाळीवाल्यांसाठी आठवड्यात एक दुपार वेगळी ठेवावी. मुलींची बॅच असावी आणि तिला शिकवायला कारखान्यात काम करणारी भगिनी असावी. सहा महिन्यांनी किती जण ऑपरेटरचे सेटर झाले, किती जणांनी शिकाऊ उमेदवारीचा अर्ज भरला, याचा हिशेब पुढच्या वार्षिक सभेत मांडावा.

बंधू-भगिनींनो, ज्या धोट्याला आपल्या पूर्वजांना तोंड लावू दिले नाही, त्या धोट्याचे युग संपले. आज ज्ञानाचे एक दार आपल्या खिशात आहे. ते उघडावे आपण, आणि आत जाताना शेजाऱ्याचाही हात धरावा. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले आणि संघटित व्हायलाही सांगितले. एकट्याने खोलीत बसून शिकणे आणि विहारात मिळून शिकणे, यांत दुसरा मार्ग त्यांचा आहे, असे मला वाटते. संस्थेने ही सूचना मनावर घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जयभीम! जय भारत!