रानफळांची पारख

धुळे व जळगाव जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुडा पसरला आहे. शिरपूर, चोपडे, यावल या भागांतील पावरा व भिल्ल मुले चारोळी, टेंभुर्णी, बोरे यांची पारख वडीलधाऱ्यांबरोबर हिंडून शिकतात. अजाण मुलास खरा धोका गावाजवळच्या कुंपणात असतो. गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून तेथे मोगली एरंड लावितात. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठीही त्याच्या लागवडीची शिफारस केली. त्याची बी शेंगदाण्यासारखी गोड लागते. पण मागाहून उलट्या, जुलाब व ग्लानी येते. भाजल्यानेही तिचे विष पुरते जात नाही.

जर्मनीत रानफळे वेचण्याची चाल जुनी आहे. तेथे बेलाडोनाच्या काळ्या, गोडसर फळास ‘टोलकिर्शे’, म्हणजे ‘वेडी चेरी’ म्हणतात. नावच मुलांस सावध करिते. मोगली एरंडाचे दुसरे नाव मात्र ‘चंद्रज्योत’! त्यात इशारा नाही, मोहच आहे. तेव्हा तो इशारा वडीलधाऱ्यांनीच द्यावयाचा. मुलांस कुंपणापाशी नेऊन हे झाड एकवार दाखवावे. चुकून बी खाल्लीच, तर घरी ओकारी काढण्यात वेळ न दवडता उरलेली फळे सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.